चांदणी, रेश्मा आणि काळी काच

आमच्या आप्पांना माझ्या धंद्यातली एकच वस्तू आवडते, ती म्हणजे दुकानातला पंखा. बाकी सगळा त्यांच्या मते पोरखेळ. शाहूपुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या जाहिराती, असली कामं मी घेते आणि ड्रोन घेतल्यापासून तर कामाला तोटा नाही. तरीही गल्लीत कुणी विचारलं की आप्पा सांगतात, "आमची थोरली माशी उडवती." माझं नाव क्रांती. हे नाव त्यांनीच हौसेनं ठेवलंय, त्यामुळं माझ्या तोंडाळपणाबद्दल त्यांनी कुरकुर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आप्पांचं नाव पिराजी. घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हशींचा धंदा. गोठ्यात पाच-सहा म्हशी आहेत, पण त्यातली चांदणी ही म्हैस नव्हेच, ती आमची धाकटी बहीण. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदणी. मला दहावीच्या निकालाला पेढा मिळाला होता. चांदणी पहिल्यांदा व्याली तेव्हा अख्ख्या गल्लीला जेवण होतं. मी हे सहज सांगतेय, मनात काही नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. बाहेरगावच्या माणसांना हे सांगितलं की त्यांना मी चेष्टा करतेय असं वाटतं. त्या दिवशी म्हशीला न्हाऊमाखू घालायचं, अंगाला तेल चोळायचं, शिंगं रंगवायची, शिंगांना मोरपिसं आणि गळ्यात घुंगरू बांधायचे. मग मालकानं सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर बसायचं आणि हाळी देत सुटायचं. म्हशीनं गर्दीतून, गोंगाटातून त्याच्यामागं पळायचं. दोरी नाही, काठी नाही. मालकाचा आवाज आणि त्याच्या गाडीचा आवाज, एवढ्या दोन गोष्टींवर ती पळते. आमच्या तालमीची मंडळी जोड्या लावतात, दोन मालक, दोन म्हशी, आणि जिचं नाक फक्कीच्या पांढऱ्या रेघेवरून आधी जाईल ती जिंकली. शेवटची जोडी जिंकणाऱ्याच्या दारात वर्षभर निशाण राहतं.

ते निशाण आमच्या दारात कधीच आलं नव्हतं. ते कायम गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, लालासाब चाचांच्या दारात. चाचांची रेश्मा म्हणजे आमच्या चांदणीच्या वाट्याला आलेली साडेसाती. बरं, भांडावं तर माणूस असा की भांडता येत नाही. आप्पा आणि लालाचाचा एकाच ट्रॅक्टरनं वैरण आणतात, एकाच डॉक्टरला शिव्या देतात आणि रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसून चहा पितात. फक्त दिवाळीच्या आठवड्यात दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलतात. यंदा मात्र आप्पांनी ठरवलंच होतं. चांदणीला माळावर नेऊन गाडीमागं पळवून पळवून त्यांनी स्वतःचाच आवाज बसवून घेतला होता. यंदा निशाण आलं नाही तर आप्पा दिवाळीचा फराळ तोंडात घालणार नाहीत, हे आम्हाला घरात दिसत होतं.

यंदा तालमीनं ड्रोन लावायचं ठरवलं आणि काम माझ्याकडं आलं. तालमीचे अध्यक्ष अमरसिंह दादा हे रेघेवरचे मुख्य पंचही असतात. पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी, हातात माइक. ते मला म्हणाले, "क्रांती, व्हिडिओ असा पायजे की बघणाऱ्यानं म्हनलं पायजे, नाद खुळा!" मी म्हटलं, दादा, काळजी सोडा.

पाडव्याच्या सकाळी मी अंगणात ड्रोन पुसत बसले होते. पाऊस सरल्यावरचं ऊन स्वच्छ आणि कडक असतं, नजर ठरत नाही. मी डबीतून काळी काच काढून ड्रोनच्या डोळ्यावर बसवली. आप्पा चांदणीला तेल चोळत होते, ते थांबून बघायला लागले.

"हे काय लावतीस?"

"फिल्टर. काळी काच."

"उन्हात बघायला काळी काच? मग दिसायचं कसं त्याला?"

"तुम्ही गाडीवर गॉगल लावता तवा दिसतं न्हवं तुम्हाला?"

"मी चांगलं दिसाय लावतो."

"मग मीबी चांगलं दिसायलाच लावतीया," मी म्हटलं.

पण हे नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा दंगा ह्या काचेवरून झाला. भर उन्हात कॅमेऱ्याला उजेड नको इतका होतो. मग एकेक चित्र टिपताना तो बिचारा डोळा उघडतो न उघडतो तोच मिटतो. चित्रं लखलखीत येतात, पण ती एकामागं एक लावली की म्हैस पळताना दिसत नाही, टकटक उड्या मारताना दिसते. पुढं काळी काच लावली की उजेड कमी होतो, डोळा जरा जास्त वेळ उघडा राहतो आणि तेवढ्या वेळात म्हैस जेवढी सरकते तेवढी ती चित्रात पसरते. अशी पसरलेली चित्रं जोडली की पळणं पळण्यासारखं दिसतं, लोण्यासारखं मऊ. सिनेमावाले उगाच नाही काचा लावत.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि चांदणीला सांगायला लागले की तिला बघून कुणी हसलं तरी तिनं मनावर घ्यायचं नाही.

माळ शिरोलीच्या पलीकडं. मी पोचले तेव्हा ही गर्दी! हलग्या कडकडत होत्या, पुंगळ्या काढलेल्या गाड्या कानठळ्या बसवत होत्या. म्हशी बुजू नयेत म्हणून मी ड्रोन रेघेच्या बरोबर वर, चांगला उंच नेऊन एका जागी उभा केला. सुरुवातीच्या जोड्या सहज निकालात निघाल्या. कुणाची म्हैस मधेच वळून घराकडं गेली, एकीनं मालकाला सोडून शेजारच्याच मोटारसायकलचा पाठलाग केला. लोक हसून हसून बेजार. चांदणीनं तिच्या सगळ्या जोड्या मारल्या, रेश्मानं तिच्या मारल्या आणि शेवटी व्हायचं तेच झालं. माळाच्या त्या टोकाला एका गाडीवर आप्पा, एका गाडीवर लालाचाचा.

शिट्टी झाली. आप्पांनी बसक्या आवाजात हाळी दिली, "ये बाळाऽऽ!" चाचांनी नुसती जीभ टाळ्याला लावून वाजवली. आणि त्या दोघी सुटल्या. मी स्क्रीनवर बघत होते. खरं सांगते, इतकं देखणं चित्र मी आजवर टिपलं नव्हतं. तेलानं चमकणारी दोन काळी अंगं, मागं उडणारी मोरपिसं, आणि सगळं वाहत्या पाण्यासारखं सलग. मनात म्हटलं, अमरसिंह दादा नाही, सगळं कोल्हापूर नाद खुळा म्हणेल. मी ते बघण्यात एवढी रंगले की पुढं कोण होतं हे मला कळलंच नाही.

दादांचा आवाज माइकवर घुमला, "चांदणी! चांदणी पुढं! मंडळी, मी डोळ्यांत तेल घालून रेघेवर उभा हुतो! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

आमच्या बाजूच्या लोकांनी आप्पांना खांद्यावर घेतलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं ओरडा सुरू झाला, "काय सांगताय दादा, रेश्मा हुती की पुढं!" बघता बघता बाह्या वर सरकल्या. कुणीतरी कुणाचा तरी फेटा उडवला. हलग्या थांबल्या, आणि आमच्याकडं हलगी थांबली की समजावं, आता वाजायची ती डोकी.

तेवढ्यात लालाचाचा गाडीवरून उतरून मधे आले. चाचा हळू बोलतात, त्यामुळं ते बोलायला लागले की बाकीच्यांना गप्प बसावं लागतं.

"दादा, तुमच्यावर अविश्वास न्हाय. पण मला माझी रेश्मा पुढं दिसली. पिराजीला त्याची चांदणी दिसली असंल. वर पोरीचं मशीन हुतं. आता पोर म्हणंल ते मला कबूल."

"अवो चाचा, पोर पिराजीचीच हाय की!" त्यांचा पुतण्या ओरडला.

"पोर पिराजीची असंल," चाचा म्हणाले. "जीभ तिची सोताची हाय."

सगळा माळ माझ्याकडं वळला. आप्पा तर खुशीत होते. खांद्यावरून खाली उतरून तेच म्हणाले, "दाखव की पोरी! घोडामैदान जवळच हाय."

मांडवात सावलीला टेबल होतं. मी टॅब ठेवला, व्हिडिओ लावला आणि रेघेवरचं चित्र थांबवलं. माझ्या डोक्याभोवती पंधरा-वीस डोकी.

रेघेवर दोन काळे पट्टे होते. तव्याची काजळी बोटानं पुसावी तसे. कुठं नाक संपतं आणि कुठं हवा सुरू होते, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एक चित्र मागं गेले, तेच. एक पुढं गेले, तेच. चालत्या व्हिडिओत जे लोण्यासारखं दिसत होतं, ते थांबवल्यावर नुसतं सारवण.

"सांग की," आप्पा म्हणाले. "चांदणी हाय न्हवं पुढं?"

"दिसत न्हाय, आप्पा."

"दिसत न्हाय म्हंजे? दादा म्हणत्यात चांदणी, मी म्हणतोय चांदणी. तू फकस्त मान हलीव."

मान हलवायची. बास, एवढंच. चाचांनी शब्द दिला होता, दादांचा निकाल आमच्या बाजूनं होता, चित्रात काय आहे हे माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हतं. माझी मान हलली असती की हलग्या सुरू, निशाण आमच्या दारात आणि आप्पांच्या तोंडात लाडू. मला मान हलवावीशी वाटली, खोटं कशाला सांगू? पावसाळ्यात चांदणीला ताप आला तेव्हा हा माणूस गोठ्यात तिच्या पाठीला पाठ लावून बसून राहिला होता. मला ते आठवलं. पण समोर लालाचाचा हात बांधून उभे होते. त्यांनी टॅबकडं बघितलंही नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते.

"मला सांगता येत न्हाय," मी म्हटलं. "जे दिसत न्हाय ते मी सांगणार न्हाय."

आता दोन्ही बाजू मिळून माझ्यावर तुटून पडल्या. चाचांचा पुतण्या म्हणाला, "मुद्दाम धूसर केलंय! काळी काच लावलीया, मी सोता बघितलंय!" आमच्या बाजूचे म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि आप्पा, माझा सख्खा बाप, सगळ्यात मोठ्यानं, "मी सकाळीच सांगिटलंतं! उन्हात काळी काच कोण लावतं का?" आपलेच दात आणि आपलेच ओठ, करायचं काय?

मी तोंडाळ आहे, हे मी आधीच सांगितलंय. मी टेबलावर हात आपटला.

"काच पळणं दाखवायला लावलीया, निवाडा करायला न्हाय! मला कुणी सांगिटलंवतं का निवाडा करायचाय म्हणून? पळतंय ते पसरणार आणि उभं हाय ते स्वच्छ दिसणार, अशी असती ही काच! मशीन बिघडलं म्हणताय? बघा, नीट बघा! ही रेघ बघा, फक्कीचा दाणा न्‌ दाणा दिसतोय. हा दगड बघा. ही चहावाल्याची किटली बघा. हे दादा उभे हायत, हे बघा दादा—"

मी चित्र मोठं केलं.

चित्रात अमरसिंह दादा अगदी स्वच्छ दिसत होते. साखळीची कडी न्‌ कडी मोजता आली असती. आणि दादा सरळ आमच्याकडं बघत होते. म्हणजे वर. ड्रोनकडं. एक हात कपाळावर उन्हाला आडवा धरलेला, दुसरा हात टाटा करायला वर केलेला, आणि चेहऱ्यावर फ्लेक्सवर असतं तसलं हसू. त्यांच्या पायाशी रेघ होती आणि रेघेवर त्याच क्षणी दोन म्हशी पसरल्या होत्या.

मी चित्र बाजूला सरकवलं. दुसरा पंच, वर बघतोय. तिसरा वर बघतोय आणि तिसऱ्यानं केसांवरून कंगवा फिरवायला घेतलाय. हलगीवाले वर बघतायत. चहावाला वर बघतोय आणि चहा गिऱ्हाईकाच्या पायावर ओततोय. रेघेच्या दोन्ही बाजूंना शेकडो तोंडं, सगळी आभाळाकडं, सगळी स्वच्छ, सगळी हसरी.

"दादा," मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "डोळ्यांत घाटलेलं तेल वर सांडलं जणू."

आणि जो हशा पिकला म्हणता! फेटा उडवणारा आणि ज्याचा उडवला तो, दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून हसायला लागले. दादा माइक ह्या हातातून त्या हातात करत म्हणाले, "न्हाय, म्हंजे मी ते मशीन कुणाच्या डोस्क्यात पडतंय का ते बघत हुतो. लोकांच्या सुरक्षेसाठी."

"टाटा करून?" मी विचारलं.

चित्राच्या कोपऱ्यात एक पिवळं कुत्रं होतं. रेघेपाशी बसलेलं, मान पुढं काढून थेट म्हशींच्या नाकाकडं बघणारं. सगळ्या माळावर शर्यत बघणारं ते एकटंच.

"मग निकाल त्यालाच इचारूया," लालाचाचा गंभीरपणे म्हणाले. आप्पाही हसले. दिवाळीच्या आठवड्यात चाचांच्या बोलण्यावर आप्पा हसल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

हसून झाल्यावर ठरलं की शर्यत परत घ्यायची. म्हशींना पाणी पाजलं, सावलीला उभं केलं. दादांनी माइकवर ताकीद दिली की ह्या खेपेला जो कुणी वर बघेल त्याला तालमीतून काढून टाकण्यात येईल, मग तो अध्यक्ष का असेना. आप्पा माझ्याकडं आले.

"काच काढ."

"काढली तर व्हिडिओ टकटक दिसंल, आप्पा. ऊन बघा की."

"दिसू दे. म्हशीचं लगीन हाय का आज? नाक दिसलं पायजे."

मी काच काढून डबीत ठेवली. जिवावर आलं होतं. एवढ्या उन्हात उघड्या डोळ्यानं ड्रोन उडवणं म्हणजे माझ्या धंद्यात बिनमिठाची आमटी वाढण्यासारखं. पण निवाड्याला चव लागत नाही, तिथं नाकच लागतं, हे मलाही कळत होतं.

परत शिट्टी. परत ती हाळी, ती जीभ, त्या दोघी. ह्या वेळी मी रेघेपासून जवळच, उन्हात उभी होते. एकाही माणसानं वर बघितलं नाही, सगळे रेघेवर वाकले होते. आणि नेमक्या त्याच वेळी दोन्ही गाड्यांनी रेघेवर असा काही धुरळा उठवला की सगळे पंच डोळे चोळत मागं सरले. चांदणी आणि रेश्मा त्या धुरळ्यात शिरल्या आणि पलीकडून एकदमच बाहेर आल्या.

"मी रेघेकडंच बघत हुतो," दादा खोकत खोकत माइकवर म्हणाले, आणि ह्या वेळी ते खरंच बोलत होते. "पण धुरळ्याबिगर काय दिसलं न्हाय. क्रांती!"

ड्रोन खाली घेतला. हातातल्या स्क्रीनवर व्हिडिओ मागं नेला, पण उन्हाच्या झळीत मला माझंच तोंड दिसत होतं. तेवढ्यात आप्पांची गाडी माझ्यापाशी येऊन थांबली. त्यांनी गळ्यातला टॉवेल काढला आणि माझ्या डोक्यावर टाकला. मग स्वतःही आत शिरले. टॉवेलला तेलाचा आणि चांदणीचा वास येत होता. आत आम्ही दोघंच, बाप आणि लेक, आणि मधे स्क्रीन.

चित्र थांबवलं. वरून धुरळ्याचा पातळ पडदा होता, पण त्यातून सगळं सुरीनं कापल्यासारखं दिसत होतं. चांदणीच्या नाकपुड्या, मिशांचे केस, कपाळावरचा ठिपका. शेजारी रेश्मा, तिच्या गळ्यातला घुंगरू न्‌ घुंगरू. आणि रेश्माचं नाक चार बोटं पुढं.

आप्पा स्क्रीनवर आणखी वाकले.

"मोठं कर," ते म्हणाले.

मी मोठं केलं. चार बोटं जास्तच ठळक दिसायला लागली.

"मागचं दाखव."

मागचं दाखवलं. त्यात तर पाच बोटं होती. चांदणी भरून काढत होती, पण रेघ आधी आली होती.

टॉवेलच्या बाहेर सगळा माळ निकालाची वाट बघत होता. आत मी मनातल्या मनात शब्द जुळवत होते, बापाच्या तोंडावर हे कसं म्हणायचं. मगाशी न दिसणारं सांगायचं नव्हतं, ते सोपं होतं. आता दिसणारं सांगायचं होतं आणि ते ऐकून ह्या माणसाचं तोंड पडलेलं मला बघवणार नव्हतं.

"आप्पा," मी म्हटलं, "रेश्मा हाय."

"मला दिसतंय की. माझं डोळं काय फुटल्यात?"

"तुम्ही मगाशी मान हलीव म्हणालावता."

"मगाशी दिसत नव्हतं. दिसत नसताना मानूस आपलंच पुढं हाय म्हणतो, त्यात काय गुन्हा न्हाय." ते स्क्रीनवरच्या चांदणीच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "पर आता दिसतंय."

त्यांनी टॉवेल ओढून काढला. उन्हानं माझे डोळे दिपले. मला बोलायची संधीच मिळाली नाही. आप्पा गाडीच्या सीटवर उभे राहिले आणि त्या बसक्या, फाटक्या आवाजात ओरडले, "रेश्मा! लालासाबची रेश्मा! चार बोटं!"

मग हलग्या अशा फुटल्या की माळ हादरला. लालाचाचा गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी आप्पांना सीटवरून खाली ओढलं आणि दोघं एकमेकांना मिठ्या मारून पाठीत गुद्दे घालायला लागले. आमच्याकडं प्रेम असंच करतात. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू आलं. कुणी विचारलं तर धुरळा गेला म्हणून सांगायचं ठरवलं, पण कुणी विचारलंच नाही.

मिरवणुकीत निशाण चाचांच्या खांद्यावर होतं आणि पुढं नाचायला आप्पा. माझी समजूत होती की हे वरवरचं असेल, घरी गेल्यावर माणूस कोपऱ्यात बसेल. कसलं काय! त्यांनी माझ्या हातातनं टॅब काढून घेतला होता आणि ते दिसेल त्याला अडवून हरलेल्या म्हशीचा फोटो दाखवत होते. "बघा पावणं, नाकातला केस मोजून घ्या! वरनं काढलाय, एवढ्या उंचावरनं! कुणी? माझ्या थोरलीनं! तिनं मगाशी नुस्ती मान हलीवली असती तर निशाण माझ्या दारात हुतं. न्हाय हलीवली! सख्ख्या बापासाठी न्हाय हलीवली!" हे सांगताना त्यांची छाती एवढी फुगली होती की मला त्यांच्या शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटायला लागली. बघणाऱ्याला वाटावं निशाण ह्याच माणसाला मिळालंय.

घरी आल्यावर त्यांनी फराळाला हात घातला, चकल्या खाल्ल्या, लाडू खाल्ले, आणि आई "आता पुरे" म्हणाली तेव्हा मला म्हणाले, "त्या फोटोचा फ्लेक्स काढ. मोठा."

"कशाचा? हरल्याचा?"

"व्हय."

आमच्या गावात कुत्र्याच्या वाढदिवसाचाही फ्लेक्स लागतो, हे मान्य. पण स्वतःच्या हरण्याचा फ्लेक्स कुणी लावल्याचं मी ऐकलं नव्हतं. "चौकात लावायचा व्हय?" मी विचारलं.

"चौकात कशाला? गोठ्यात. चांदणीच्या गव्हाणीसमोर. रोज दिसू दे तिला, किती कमी पडली ते. फुडच्या साली नाक बाहीर काढंल."

मी शाहूपुरीतून फ्लेक्स करून आणला. गव्हाणीसमोरच्या भिंतीवर आप्पांनी तो स्वतः खिळे मारून लावला, चांदणीचं तोंड धरून तिला तो दाखवला आणि चार बोटं म्हणजे किती हे हातानं मोजून समजावून सांगितलं. चांदणी रवंथ करत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढायला गेलेल्या आप्पांची हाक आली. मी धावत गेले. त्यांनी चांदणीच्या जबड्यात हात घालून चावलेला प्लास्टिकचा तुकडा बाहेर काढला होता आणि तो बोटांवर पसरून बघत होते. मी भिंतीकडं बघितलं. फ्लेक्सचा बाकी भाग धड होता. फक्त रेश्माचं नाक, जेवढं पुढं होतं तेवढंच, फाटून गेलं होतं.

आप्पांनी तुकड्याकडं बघितलं, फ्लेक्सकडं बघितलं आणि चांदणीच्या मानेवर थाप मारली.

"जा, लालासाबला सांग," ते मला म्हणाले, "बरोबरी झाली म्हणून."